तुझ्या पद्मिनीच्या तळाचा फोटो

प्रिय काशिनाथ,

'प्रिय' हे पत्राची रीत म्हणून लिहिलंय. लगेच फुगू नकोस.

तुला जाऊन आठ महिने होत आले. एवढ्या दिवसांत तुझ्याबद्दल मी एकही वाकडा शब्द काढला नाही. तेराव्याला तुझ्या अंगणात बसून लोक म्हणत होते, "देवमाणूस. कोणाला कधी नाही म्हणाला नाही." मीही मान हलवली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, एवढं मलाही कळतं. पण परवा रविवारी बाळकुमला तुझ्या त्या गाडीपाशी जे झालं, त्यानंतर मला राहवत नाही. कोणाला नाही म्हणाला नाहीस, हाच तर तुझा गुन्हा आहे, काश्या! तुझ्या वाटचं 'नाही' म्हणायला मागे कोण उरलं? मी!

आपली ओळखसुद्धा त्या गाडीखालीच झाली. वर्तकनगरला मावसभावाकडे आलो होतो, तिथून भटकत तुमच्या गावात शिरलो आणि कुंपणाच्या मोडक्या फटीतून मला ती दिसली. जांभळाखाली उभी पांढरी पद्मिनी. पांढरी म्हणजे एकेकाळची. टपावर जांभळाचे डाग, दाराखाली गंजाचे ओघळ, मागच्या चाकात हवा नाही. मी पोटावर झोपून कॅमेरा लावला, तेवढ्यात कमरेला टॉवेल गुंडाळलेला तू येऊन उभा.

"कोन रं तू? हितं झोपलास कशाला?"

"फोटो काढतोय."

"कशाचा?"

"गाडीचा."

तू गाडीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, परत गाडीकडे. "आरं, पुढं आंगनात नवी गारी उभी हाय. तिचा काढ ना! हिला कुत्रं पन इचारत नाय."

"म्हणूनच हिचा काढायचाय."

तू घराकडे तोंड करून ओरडलास, "सुनंदा, दोन चहा टाक गं! येडा आलाय एक."

मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. नाही गेलो. चहा प्यायलो आणि फसलो.

तुझ्या वडिलांनी पहिली जमीन विकली तेव्हा ती गाडी घेतली, हे तू त्या चहावरच सांगितलंस. उभं आयुष्य मिठागरात गेलेला माणूस, टाचा फुटलेल्या, पण बाजारात जायचा तो पांढऱ्या गाडीत मागे बसून. चालवायचास तू. ते गेले आणि तू गाडी जांभळाखाली लावलीस ती लावलीस. खाडीची हवा आणि वरून झाडाचं पाणी. गंजाला आणखी काय लागतं?

मी कुठल्या क्लासला गेलेलो नाही, हे तुला माहीत आहे. मानपाड्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी केली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवायचा, हे माझं काम. कॅमेराही तसाच शिकलो. जुन्या बाजारातून लेन्स आणल्या, डिक्शनरी शेजारी ठेवून माहितीपत्रकं वाचली, आणि बाकीचं बिघडलेल्या फोटोंनी शिकवलं. तेव्हा माझी पद्धत ही माझी आहे. कोणाची उचललेली नाही.

पद्धत काय होती? एक गाडी, एक बाजू, एक उजेड आणि तीन लेन्स. फोटोत गाडी तिन्ही वेळा सारख्याच लांबीची आली पाहिजे. मग चोवीस मिलिमीटरच्या लेन्सला पार जवळ जावं लागतं, पन्नासला थोडं मागे आणि एकशेपस्तीसला थेट कुंपणापलीकडे, गटाराच्या काठावर. गाडी तीच. पण चोवीसमध्ये हेडलाइट बेडकाच्या डोळ्यासारखा अंगावर येतो. पन्नासमध्ये ती रस्त्याने जाताना दिसावी तशी दिसते. आणि एकशेपस्तीसमध्ये बोनेट, काच, जांभूळ, मागचा टॉवर, सगळं एकमेकांना चिकटून उभं राहतं. हे मी तुला किती वेळा समजावलं? आणि तू तिन्ही फोटो बघून काय म्हणालास?

"चोवीसवाली माझ्या सासऱ्यासारखी. नाकच नाक! पन्नासवाली तुझ्यासारखी, बेचव."

"आणि एकशेपस्तीस?"

"ती बरी. लांबून सगलंच बरं दिसतं."

त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी 'इन्स्पेक्टर' झालो. माझं नाव विलास आहे, हे तुझ्या घरात निम्म्या लोकांना तेराव्याला कळलं!

पुढच्या महिन्यात तू काय केलंस? अठरा ते तीनशेची एकच लेन्स घेऊन आलास. नारळाएवढी! "इन्स्पेक्टर, आता तू कर पलापल. मी हितंच बसतो." आणि खरंच खुर्ची टाकून बसलास. एका हातात चहा, दुसऱ्या हाताने लेन्सची रिंग फिरवायची, जवळचंही तेच आणि लांबचंही तेच. अरे, सगळ्यात सगळं असलेल्या लेन्सला धड काहीच येत नाही! कडेच्या रेषा वाकतात, कोपरे मऊ पडतात. मी फोटो मोठा करून तुला कोपरा दाखवला, तर म्हणालास, "कोपऱ्यात कोन बघतं?"

मी बघतो, काश्या. मी.

बरं, नुसतं बसला असतास तरी चाललं असतं. मी कुंपणापलीकडे गटाराच्या काठावर तोल सांभाळत उभा, आणि तू मध्येच उठून गाडीशेजारी जाऊन हात हलवायचास. "दिसतोय का रं?" दिसतोयस! म्हणून तर ओरडतोय! यंदा गणपतीनंतर एकदा मी एकटाच गेलो होतो. एकशेपस्तीस लावली, पलीकडे जाऊन उभा राहिलो. फ्रेम अगदी मोकळी, मला हवी तशी. बराच वेळ उभा राहिलो आणि कॅमेरा पिशवीत घालून डोंबिवलीला परत आलो. यालाही तूच कारण.

कल्याणच्या त्या भंगाराच्या वाड्यातलं आठवतं? जुन्या टॅक्सींच्या रांगा होत्या, एकावर एक रचलेल्या. वॉचमन मला आत सोडेना. मी त्याला उजेड, गंज, रंगाचे थर असं सगळं समजावतोय आणि तो काठी आपटतोय. तू नुसतं विचारलंस, "गाव कुठलं, मामा?" पाच मिनिटांत आपण आत, आणि तुला त्याच्या नातीच्या बारशाचं आमंत्रण! वर आणखी, निघताना तू त्याला सांगितलंस, "नातीचा फोटो मोठा करून, फ्रेम करून देतो." फोटो कोणी छापला? मी. फ्रेम कोणी केली? मी. बारशाला कल्याणपर्यंत नेऊन कोणी दिला? तू तोपर्यंत विसरूनही गेला होतास.

आणि त्या विटा! तिन्ही लेन्सच्या जागा दरवेळी तंतोतंत तिथेच याव्यात म्हणून मी जमिनीत तीन विटा पुरल्या, वर पिवळा रंग दिला. तुझ्या पुतण्याच्या हळदीला मटणाच्या टोपाला चूल कमी पडली. मागच्या बाजूला विटांचा ढीग पडलेला, आणि तू नेमक्या माझ्या तीन विटा उपटल्यास!

"तीनच पायजे होत्या," म्हणालास.

मटण चांगलं झालं होतं. तो मुद्दा नाही.

दसऱ्याचं तर मी कधीच विसरणार नाही. पावसाळा संपल्यावर गाडीवर जी पुटं चढतात, पानांचे छाप, चिखलाची कड, ती टिपायला मी सकाळी सकाळी पोचलो, तर गाडी लख्ख! बादली घेऊन तू ती धुतली होतीस. गंजलेल्या बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, वायपरला आंब्याची डहाळी.

"असा काय बघतंस? घरच्या साऱ्या गाऱ्या न्हाऊन-धुऊन उभ्या, आन बापाची गारी सनाला पारोशी ठेवू?"

त्या वर्षीची मालिका तिथे मोडली. मी एकही फोटो न काढता तुझ्याकडे श्रीखंड-पुरी खाऊन परत आलो.

हे सगळं परवडलं. खरं सांगतो, परवडलं. पण तुझ्या जिभेवरचं ते 'हो' परवडलं नाही.

आता रविवारचं ऐक. सुनंदा वहिनींनी फोन करून बोलावलं. "भावोजी, या एकदा. गाडीचं काय करायचं ते ठरवायचंय." गेलो. जांभळाखाली वहिनी, तुझा भाऊ दामू आणि तुझी लेक प्राची उभे.

दामू म्हणाला, "हितं पाया खनायचा हाय. काशानं मना सांगलेला, जागा मोकली करून देतो."

वहिनी म्हणाल्या, "मला तर म्हणाले होते भंगारवाल्याला देऊन टाकतो म्हणून. किती डास होतात हिच्यात!"

प्राची म्हणाली, "पप्पांनी मला प्रॉमिस केलेलं. लग्नाला मी आज्याच्या गाडीतून जाणार."

आणि मला काय सांगितलं होतंस? "तुझं फोटो पुरं होईस्तोवर हिला रंगाचा हात लावू देनार नाय."

चार माणसं! एक गाडी! चौघांना चार शब्द दिलेस, आणि पुन्हा बाकीच्या तिघांना एकच गोष्ट सांगून ठेवलीस, "गारीचं काय ते इन्स्पेक्टरला इचारा." का रे? मी तुझा कोण? मुखत्यार? तुझ्या नारळाएवढ्या लेन्समध्ये सगळे एकदम मावत होते, हे कबूल. पण गाडीत मावायचे होते, त्याचं काय?

प्राचीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलंय. घरात वडील गेले की लग्न वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबा, म्हणून सगळी घाई. तिने कल्याणचा कोणी गॅरेजवाला गाठला होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर थाप मारली आणि सांगितलं, पंधरा दिवसांत नवीकोरी करून देतो, मॅडम, क्रीम कलर मस्त दिसेल. खाली वाकलासुद्धा नाही!

मी स्क्रू ड्रायव्हर काढला. ड्रायव्हरच्या सीटखालची रबरी चटई उचलली, दाराखालची पट्टी ठोकून बघितली, मग पाठीवर झोपून खाली सरकलो. वर आलो आणि सांगितलं, "नाही. हिच्यात माणूस बसवून रस्त्यावर न्यायची नाही. रंग बसेल, पण रंगाखाली पत्राच नाही. जॅक लावलात तर जॅक वर जाईल, गाडी जागच्या जागी राहील."

प्राची माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाज अगदी तुझ्या आईसारखा खणखणीत. "काका, खरं सांगा. फोटोंसाठी म्हणताय ना? गाडी रंगवली तर तुमची सिरीज जाईल, म्हणून?"

"प्राची!" वहिनी ओरडल्या. दामू जांभळाच्या फांद्या मोजायला लागला.

इतकी वर्षं नोकरी केली. मालकाचा मेहुणा माल घेऊन आला तरी मी चुकीच्या मापावर सही केली नाही. आणि माझ्या मापावर शंका घेतली कोणी? मी खांद्यावर बसवून गणपती दाखवलेल्या पोरीने! राग आला. तिचा नाही आला. तिने कशाला विश्वास ठेवावा? गाडीत माझा स्वार्थ आहे, हे तूच तिला हसत हसत सांगितलेलं. राग तुझा आला.

मी म्हटलं, "ये खाली."

ती आली. चांगल्या ड्रेसवर मातीत पाठ टेकून माझ्या शेजारी गाडीखाली सरकली, मोबाइलचा टॉर्च लावला. मी स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. "मी काही बोलत नाही. तूच दाब."

तिने दाबला. मुठीपर्यंत आत गेला. गंजाचा भुगा तिच्या केसांत, कपाळावर पडला. तिने दुसरीकडे दाबून बघितलं, तिसरीकडे बघितलं. मग टॉर्च छातीवर ठेवला. बाहेर वहिनींच्या चपला दिसत होत्या. आणि तिथे, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "काका, पप्पांना माहीत होतं का हे?"

काश्या, काय सांगायचं होतं मी?

तुला माहीत होतं. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात मी शंभरची मॅक्रो लेन्स घेतली, मुंगीचे पायसुद्धा मोजता येतील अशी. पहिला फोटो तुझ्या गाडीच्या तळाचा काढला, अर्धा तास चिखलात पडून. ड्रायव्हरच्या सीटखालचं भोक. कडेने खाज्यासारखे सुटलेले पापुद्रे, तांबडे, काळे, मध्येच जुन्या पांढऱ्या रंगाची एक चकती, आणि खालच्या मातीतून उगवून त्या भोकातून गाडीत शिरलेलं एक गवताचं पातं. त्याच्या टोकावर थेंब. ओटीवर बसून तुला तो लॅपटॉपवर मोठा करून दाखवला. तू पहिल्यांदाच चेष्टा केली नाहीस. कितीतरी वेळ बघत बसलास.

"म्हंजे ही आता नाय चालनार."

"नाही."

"कवाच नाय?"

"कधीच नाही, काशिनाथ."

मग म्हणालास, "फोटो मातर भारी आलाय."

त्यानंतर, काश्या, त्या-नं-तर प्राचीचं लग्न ठरलं आणि तू तिला शब्द दिलास! तिने लाडात येऊन मागितलं असेल, तुझ्या तोंडून 'हो' निघालं असेल. दुसरं काय निघणार होतं? की लग्नापर्यंत काहीतरी होईल, इन्स्पेक्टर काहीतरी करेल, असं वाटलं तुला? की बापाची गाडी मेली हे पोरीला सांगताना तुझीच जीभ वळली नाही? विचारायचं होतं मला. तू विचारायलाही जागा ठेवली नाहीस. एका सकाळी चहा मागितलास, आणि तो यायच्या आत गेलास!

मी तुझ्या मुलीला सांगितलं, "नाही गं. त्याला कुठलं माहीत? तो खुर्चीतून उठला कधी? खाली वाकून मीच बघायचो."

ती हसली. गाडीखाली पडल्या पडल्या हसली. "हो ना! पप्पा आणि वाकणार!" आणि हाताने डोळे पुसले, तर गालभर तांबडा गंज.

झालं. खोट्या मापावर माझी पहिली सही. तुझ्यामुळे.

बाहेर आल्यावर तीच ठरवून मोकळी झाली. हळद अंगणाऐवजी इथे, मांडव गाडीभोवती. गाडीत बसून हळद लावून घेणार, मग दामूकाकाने क्रेन आणावी. दामूने "चालंल" म्हटलं, वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"काका, उभ्या गाडीत बसलं तर चालेल ना?"

मी पुन्हा तपासून बघितलं. "मागच्या सीटवर. पुढे नाही. आणि करवल्या दोनच."

"आणि फोटो तुम्ही काढायचे. सगळ्या लेन्स आणा."

आता हळदीत माणसं हलणार, नाचणार, त्यांच्यात मी एकशेपस्तीस घेऊन कुठे जाऊ? ते माझं मी बघेन. तू काही सुचवू नकोस.

पण खरं दुखणं पुढे आहे. डोंबिवलीतल्या सभागृहाची तारीख मला अखेर मिळाली आहे. गंजलेल्या गाड्या, तीन लेन्स, माझं पहिलं प्रदर्शन. किती वर्षं ही गोष्ट मनात होती, तुला ठाऊक आहे. दारातून आत शिरताच समोरच्या भिंतीवर तो तळाचा फोटो, सगळ्यांत मोठा, असं मी केव्हाच ठरवलं होतं. आयुष्यात तसा फोटो पुन्हा आलेला नाही. आणि प्राची येणार, नवऱ्याला घेऊन येणार. प्रत्येक फोटोखाली मी लेन्स, महिना, वर्ष लिहितो. ती वाचेल. "हा तर माझ्या साखरपुड्याच्याही आधीचा," म्हणेल. आणि विचारेल, "पप्पांनी बघितला होता का हो?" तुला न दाखवलेला माझा एक तरी फोटो आहे का? हे तिलाही माहीत आहे.

महिना न लिहिता लावू? तसा मी लावत नाही. खोटा महिना लिहू? एक खोटं तुझ्यासाठी बोललो. दुसरं बोलणार नाही.

तेव्हा ऐक, हा माझा शब्द. तुझ्यासारखा चौघांना वाटलेला नाही, एकट्या तुला दिलेला. तो फोटो भिंतीवर लागणार नाही. या प्रदर्शनात नाही, पुढच्या कुठल्याही नाही. कोणी कितीही चांगला जाणकार आला तरी त्याला मी तो दाखवणार नाही. तुझ्या मुलीला तू कायम खुर्चीत बसून चहा पिणारा, खाली न वाकणारा बाप वाटशील.

पुसून टाक म्हणशील, तर ते होणार नाही. तेवढा मोठा माणूस मी नाही. फोकस फार नेमका बसलाय त्यात, कोपऱ्यापर्यंत.

तुझा,
विलास